शाडूचा कप

११ फेब्रुवारी १९९६, रविवार

पूजानं आज गणपतीच्या कारखान्यात कप टांगला. चहाचा नव्हे — प्लॅस्टिकचा, पालथा, आत फिल्मचा तुकडा. लेक रोह्याला कॉलेजात सायन्स शिकते. तिच्या मॅडमनी पेणमधली अकरा घरं निवडली, त्यात आमचं एक. म्हणे जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. बंद खोलीत साठतो, वर्षानुवर्षं छातीत जातो, फुप्फुसाचा कॅन्सरही होऊ शकतो. फिल्मवर त्याचे बारीक ओरखडे उठतात, ते मुंबईत मोजायचे. नव्वद दिवस कप हलवायचा नाही.

मी म्हटलं, "ज्याला रंग नाही, वास नाही, तो आहे कशावरून?"

"मग देवाचं काय वेगळं हाय, अण्णा?"

आणि हे गणपती करणाऱ्या बापाला! पोरगी शिकवून चूक केली.

१२ फेब्रुवारी

ओरखड्यांचा अंक जास्त आला तर काय, ते विचारलं. तर म्हणाली, "खिडक्या उघड्या ठेवायच्या. भुईच्या भेगा सिमेंटनं बुजवायच्या. आणि तुम्ही तिथं झोपायचं बंद."

खिडक्या उघड्या! शाडूला वारं लागलं की वरून सुकतं, आतून ओलं राहतं आणि देव तडकतो. म्हणून तर सव्वीस वर्षं कारखाना बंद ठेवून मी तिथंच अंथरूण टाकतो, मांजरांवर डोळा ठेवून. यंदा एकशे चाळीस मूर्ती ठरल्यात. चतुर्थीला लोकांच्या हातात काय, तुकडे देऊ?

अंक कमीच यायला हवा.

१५ फेब्रुवारी

आज काम सोडून कप केला. शाडूचा. वाळवला, पांढरा रंग दिला, खाली खऱ्यासारखा निळ्या शाईचा सात नंबरसुद्धा काढला. गणपतीची सोंड वळवणाऱ्याला कपाचं काय कौतुक! पण खरंच, शेजारी ठेवले तर मलाच ओळखू येईनात.

१९ फेब्रुवारी

पूजा कॉलेजला गेल्यावर अदलाबदल. शाडूचा कप कारखान्यात. खरा माजघरात, फडताळाच्या बाजूला, पूजाची नजर जाणार नाही असा. कारखाना आणि माजघर यांच्यात नुसती फळ्यांची भिंत, पण माजघराला खिडकी आहे. रोज सकाळी तिथं बसून मी चहा घेतो, छान वारा येतो. वायू बिचारा टिकेल कशाला?

बायकोनं, सगुणानं, लगेच बघितलं. ती माजघरातच झोपते, तिच्यापासून काय लपतंय.

"ह्ये काय टांगलंत?"

"पालीसाठी आहे. पाली येत नाहीत. पूजाला सांगू नको, हसेल."

"बरं," म्हणाली. साधी आहे बिचारी.

१० मार्च

कपावर पाल बसली होती. सगुणा माझ्याकडे बघत राहिली. मी चहात बघत राहिलो.

१४ एप्रिल

मॅडम अकरा घरं तपासायला आल्या होत्या. आमच्या कारखान्यात माझ्या कपाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "सगळ्यांत नीट कप तुमच्याकडे राहिलाय. ना जळमट, ना धूळ." धूळ कशी असेल, कालच रंगाचा हात फिरवला होता! त्यांनी हात वर केला तशी तोंडातून निघून गेलं — "हात लावू नका, रंग ओला आहे."

मॅडम थबकल्या. "मूर्तीचा," मी म्हटलं.

१२ मे

नव्वद दिवस भरले. पहाटेच खरा कप जागेवर आणला. पूजा घेऊन गेली. माझा कप फोडावा म्हटलं, हात होईना. आता त्यात ब्रश ठेवतो.

२ जून, रविवार

निकाल आला. अकरा घरांत आमचा अंक सगळ्यांत जास्त. दुसऱ्या नंबरच्या दुपटीहून वर!

मी आधी हसलो. म्हटलं, तुमचं यंत्रच खोटं. पूजा हसली नाही. डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, सव्वीस वर्सं तुम्ही त्या हवेत झोपताव." तिचं ते तोंड बघवेना. सांगून टाकलं — तुझा कप कारखान्यात नव्हताच, माजघरात होता.

वाटलं चिडेल. तर हळूच म्हणाली, "म्हंजे ह्यो अंक आयचा?"

"पण तिथं खिडकी आहे की! रोज उघडी असते, मी स्वतः बसतो!"

कारखान्यात खरंच किती असेल, ते तर कुणी मोजलेलंच नाही. माझ्यामुळे.

३ जून

सकाळी चहाला बसलो. खिडकी उघडी होती. चहा संपवला आणि उठलो नाही. सगुणा दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "झाला ना चहा? सरका, खिडकी लावू द्या."

"का लावतेस?"

"का म्हंजे? वारं फळ्यांतून कारखान्यात जातंय. तुमचं देव तडकतील." आणि कडी घातली. "तुमच्या चहापुरतीच तर उघडते. लगीन होऊन आले तवापास्नं."

मे महिन्यातसुद्धा? विचारलं नाही. माहीत होतं.

दिवसभर एकही मूर्ती घेतली नाही. फळ्यांच्या सगळ्या फटी शाडूनं लिंपल्या आणि खिडकीची कडी उपटून टाकली. माझं अंथरूण माजघरात आणलं, खिडकीखाली. सगुणा दारात उभी राहून बघत होती.

"कारखान्यात पाली झाल्या काय?" म्हणाली.