भरलेलं बी

आबा, तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी त्या एका धड्याशी आले की मी पार गळून जायचे. मुलांना वाटायचं, बाईंना विषयाचा कंटाळा आलाय. आला होताच, खोटं कशाला बोलू! जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते परक्या पोरांना सांगायचं, त्यांनी जांभया द्यायच्या आणि मी फळ्यावर पुन्हा तीच आकृती काढायची. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालीत, गुडघ्यांनी दावा मांडलाय. काल सोसायटीच्या माळ्याने फाटकाशी कुंडीत सायकस आणून ठेवला, तो येता-जाता दिसतोय. म्हणून लिहायला बसले.

आपली जमीन कंपनीत गेली आणि तुम्ही तिथल्याच बागेत माळी म्हणून लागलात. त्याआधी भोसरीपासून चऱ्होलीपर्यंत भावकीत, नात्यात कुणीही ज्वारी पेरायला काढली की पहिली मूठ तुमची, असा रिवाज होता. पाभरीच्या चाड्यात, म्हणजे ज्या लाकडी वाटीतून बी जमिनीत उतरतं तिच्यात, आधी तुम्ही मूठभर दाणे सोडायचे, मग धन्याने. तुमच्या हाताला यश आहे म्हणायचे सगळे. मी मागे मागे यायचे, मला शेंगा-गुळाची आशा. जमीन गेल्यावरही ही बोलावणी चालूच राहिली आणि त्या दिवसापुरते तुम्ही माळी नसायचात. पटका नीट बांधून, अंघोळ करून निघायचात, आणि आई दारात उभी राहून बघत असायची.

मग कंपनीच्या साहेबांनी पुण्यातल्या कुठल्याशा बागेतून एक जुनं सायकसचं झाड मुळासकट आणवलं. तुम्ही त्याला बुटका ताड म्हणायचात. पुढे त्याच्या शेंड्यात तपकिरी लवेची पानं फुटली आणि त्यांच्या कडांना शेंदरी बिया धरल्या. तुम्ही घरी येऊन आईला नवल सांगितलंत, की ह्याला फूल नाही, फळ नाही, बी आपलं उघडंच बसलंय. पुढे पेपरात नेमकं तेच, अनावृतबीजी असा शब्द घालून लिहिलं आणि मी मार्क मिळवले. साहेबांना त्या बियांची रोपं हवी होती, फाटकापासून ऑफिसपर्यंत दोन्ही अंगांनी लावायला. तुम्ही विळ्याने एक बी कापून पाहिलंत, आत पांढरा गर गच्च. बी भरलेलं आहे, काळजी नाही, असं साहेबांना सांगून आलात. निम्म्या बिया पेरल्यात आणि महिनेच्या महिने वाट पाहिलीत. एकही वर आली नाही. उरलेल्यांची कवचं घासलीत, शेणकाल्यात भिजवलंत, पुन्हा पेरलंत. त्याही गेल्या. साहेब सगळ्या माळ्यांदेखत म्हणाले, शेतकरी म्हणवतोस आणि साधं बी उगवत नाही तुझ्याच्याने? हे मला शेजारच्या काकांकडून कळलं. तुम्ही नुसते जेवून उठलात. त्या साहेबाचा मला इतका राग आला होता की त्याच्या घरापुढून जाताना मी थुंकायचे.

त्याच साली चऱ्होलीचे मामा पेरणीचं बोलावणं घेऊन आले. तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, "बी चांगलं व्हतं, पाव्हणं. माजा हातच गेला. मूठ दुसऱ्या कुणाकडनं धरा." मामा आधी हसले, मग चहा तसाच ठेवून बसून राहिले. त्यानंतर तुम्ही कुणाच्याच शेतावर गेला नाहीत. परसात मेथी टाकायची तरी आईच्या हातून, आणि तुम्ही वाफ्यापासून चार हात लांब.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सरांनी सायकस शिकवला. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराला कणसासारखा मोठा तुरा येतो, त्यातली भुकटी वाऱ्याने, किड्यांनी मादीच्या उघड्या बीजापर्यंत पोचली तरच आत गर्भ धरतो. ज्वारीत आधी गर्भ धरतो, मग दाण्यात पीठ भरतं. इथे उलटं. शिदोरी आधीच बांधून ठेवलेली, खाणारा येवो न येवो. म्हणून नर नसला तरी बी फुगतं, रंगतं, कापलं तर गच्च दिसतं. कंपनीत ते एकच झाड होतं, आणि मादी. कुणीही पेरलं असतं तरी तिथे काही उगवलं नसतं. नर पपया ओळखून उपटून टाकणारे तुम्ही, तुम्हाला हे एका वाक्यात कळलं असतं.

त्या दिवशी गाडीत आणि चिंचवड स्टेशनपासून घरापर्यंत ते वाक्य मी घोकत आले. तुम्ही ओट्यावर बसला होतात. मला बघून विचारलंत, "आज काय शिकीवलं गं?" सकाळीच वर्गातल्या मुली माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं म्हणून हसल्या होत्या. तुमचं बोलणं कानावर आलं आणि तेच पुन्हा टोचलं.

"तुम्हाला नाही कळायचं, आबा," मी म्हणाले.

"व्हय, ते खरंच," तुम्ही म्हणालात, आणि मला बसायला जागा करून दिलीत.

तुमचं दहावं झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना का नाही सांगितलंस? सांगणारच होते, वेळ मिळाला नाही, असं मी तिला सांगितलं, आणि पुढे ज्याने ज्याने विचारलं त्यालाही. हे पत्र जायचं कुठे, वहीतच राहील, तेव्हा इथे तरी खरं लिहिते. वेळ होता, आबा. त्या संध्याकाळनंतर तुम्ही आठ महिने होतात आणि आपण रोज शेजारी बसून जेवत होतो.