उडी मारली नाही, पडलो

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (अंगं सध्या सातच भरतात, कारण उजवा गुडघा जमिनीला टेकत नाही. राहिलेलं एक अंग समक्ष भेटीत पुरं करीन.) आपल्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना होऊन गेला, आता सुईत दोरा ओवता येतो का ते कळवावे. मामींना ऐकू येण्याचं यंत्र बसवल्याचं समजलं. त्यामुळे आपल्याला घरात जपून बोलावं लागत असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. शिलाई मशीनला वेळच्या वेळी तेल देता ना? दिलं नसेल तर आधी ते देऊन या, पत्र कुठे पळून जात नाही.

पत्रास कारण आपलं कार्ड. कात्र्यांना धार लावणारा तो बोलघेवडा माणूस माझ्या दुकानातून निघाला की आठवड्याभरात आपल्या दुकानी पोचतो, हे मला ठाऊक होतं. पण येताना तो ‘तुमच्या भाच्यानं एका बाईपायी नदीत उडी मारली’ अशी बातमी आणेल हे ठाऊक नव्हतं. मामा, त्या माणसाच्या हाती कात्री द्यावी, बातमी देऊ नये. मी उडी मारली नाही, पडलो. आणि बाईपायी नव्हे, दोऱ्यापायी. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला बादलीपेक्षा खोल पाण्याची ओळख नाही, तो आपण होऊन नदीत कशाला उडी मारेल? तेव्हा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे मामींनाही मोठ्याने वाचून दाखवता येईल. (यंत्र बसवलंय, तेव्हा फार मोठ्याने नको.)

त्याचं असं झालं. इथे नदीवर रबरी बोटीतून माणसांना खडकांवरून खाली नेण्याचा उद्योग चालतो. लोक सुटीच्या दिवशी घरचे सुखाचे पलंग सोडून येतात, ‘बुडालो तर माझा मी जबाबदार’ अशा अर्थाच्या कागदावर सही करतात आणि चार मैल खाली जाऊन भिजलेल्या मांजरासारखे बाहेर पडतात. वर हसतात. बोट चालवणाऱ्या बाईंना सगळं गाव कप्तान म्हणतं. वय बेचाळीस, नवरा वारल्याला नऊ वर्षं, उन्हाने नाकाचा शेंडा सोललेला, आणि आवाज पाण्याच्या वर चढण्यासाठी कमावलेला. दुकानातही त्या त्याच आवाजात बोलतात. (हे मी निरखून पाहिलं असं कृपा करून समजू नये. माप घेणाऱ्याची नजर आहे, आपोआप पडते.) तर या कप्तान एके दिवशी चाळीस लाइफ जॅकेटं घेऊन दुकानात आल्या. कुणाचे पट्टे झिजलेले, कुणाची चेन गेलेली. मी आपलं नेहमीसारखं ‘मंगळवारी या’ म्हणालो, आणि मामा, आश्चर्य म्हणजे मंगळवारी काम तयार होतं.

त्यांनी पहिलं जॅकेट उचललं, जमिनीवर टाकलं, त्यावर पाय दिला आणि दोन्ही हातांनी पट्टा असा ओढला की टर्रकन टीप उसवली. बावीस वर्षांत माझी टीप अशी कुणी ओढली नव्हती. गिऱ्हाईक फार तर आरशात वळून पाहतं. त्या म्हणाल्या, “मास्तर, कपडा लाजेसाठी शिवतात. हे जिवासाठी आहे.” मला राग यायला हवा होता. आला नाही, हे खरं. मी चाळीसच्या चाळीस जॅकेटांना जाड दोऱ्याने तिहेरी टीप मारली, बोटाला दोन ठिकाणी सुई लागली तरी अंगुस्तान शोधायला उठलो नाही, आणि पुढच्या खेपेला त्यांनी पाय देऊन चाळीसही पट्टे ओढले तेव्हा एकही हलला नाही. “आता ठीक,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी एका वकिलाच्या कोटाला तीन बाह्या कापल्या.

मग त्या म्हणाल्या, ज्याने जॅकेट शिवलं त्याने ते एकदा पाण्यात घालून पाहायला हवं, रविवारी या. मी साफ नकार देणार होतो. पण मी एका पॅंटचा घेर टाचत होतो आणि तोंडात सात टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असताना शिंप्याला एकच शब्द बोलता येतो, तो म्हणजे ‘हूं’. त्यांनी तो होकार धरला आणि गेल्या. (टाचण्या काढून मागे धावता आलं असतं, असं आपण म्हणाल. पण पॅंट गिऱ्हाइकाच्या अंगात होती.)

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्याखेरीज कुणाला समजणार नाही. शनिवारी दुकान बंद करून मी जॅकेट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो. मामा, काय दिसत होतो म्हणून सांगू! मुळात माझं पोट आपल्या घराण्याचं, त्यावर पुढून चार आणि मागून चार अशा फोमच्या तळहाताएवढ्या रुंद पट्ट्या. बांधून ठेवलेल्या गादीला पाय फुटावेत तसा प्रकार. शिवाय नदीवर एक फोटोग्राफर खडकावर बसून प्रत्येकाचा फोटो काढतो आणि ते फोटो कप्तानांच्या ऑफिसात भिंतीवर लागतात. तिथे मी कायमचा गादी होऊन राहणार? आपणच मला शिकवलंत ना, की गिऱ्हाइकाचं पोट झाकणं हाच शिंप्याचा धर्म? मी जॅकेट उसवलं, समोरच्या चारपैकी तीन पट्ट्या काढल्या (एक ठेवली, लाजेकाजेस्तव), दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत घेतलं, कंबरेला टक घातले आणि आतून कापलेल्या कडांना सुबक ओव्हरलॉक केलं. फिटिंग असं बसलं की आपण असतात तर पाठ थोपटली असती. दुसऱ्या दिवशी काठावर कप्तानांनी सगळ्यांची बकलं ओढून पाहिली. माझ्यापाशी येऊन त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, बारीक दिसताय.” मामा, मी त्याच क्षणी घरी परत आलो असतो तरी माझा रविवार सार्थकी लागला असता.

बोटीत माझ्यापुढे दातांचे डॉक्टर, शेजारी शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मागे कप्तान. या नदीला तीन अवघड उतार आहेत. पहिल्याला म्हणतात धाकटी, दुसऱ्याला थोरली आणि तिसऱ्याला सासूबाई. धाकटीत मी डोळे मिटून घेतले. थोरलीत वल्हं उलटं मारलं, त्यामुळे बोट एकदा गोल फिरली आणि मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे ‘बाकावर उभा राहा’ म्हणतात त्या नजरेने पाहिलं. त्यानंतर पाणी जरा संथ झालं आणि तेवढ्यात माझं लक्ष डॉक्टरांच्या खांद्याकडे गेलं. खांद्याच्या टिपेतून दोन बोटं लांब दोरा बाहेर आला होता आणि वाऱ्यावर नाचत होता. टीप माझी. डॉक्टरांच्या खांद्यावर, चारचौघांत, कप्तानांच्या डोळ्यांसमोर! मागून त्या ओरडत होत्या की खाली बसा, दोर धरा, सासूबाई आली. पण सुटलेला दोरा दिसल्यावर शिंप्याला दुसरं काही ऐकू येत नाही, हे आपण जाणता. कात्री जवळ नव्हती. मी पुढे वाकलो आणि दोरा दातांत धरला. तोडणार, तोच बोट खाली कोसळली आणि दोऱ्याबरोबर डॉक्टरांचा थोडा खांदाही दातांत आला. जन्मभर दुसऱ्यांच्या दातांत हात घालणाऱ्या त्या गृहस्थाला हा अनुभव नवीन असावा. त्यांनी किंचाळून कोपर मागे मारलं आणि मी सासूबाईंच्या स्वाधीन झालो.

आता फोमचं एक शास्त्र असतं, ते मला पाण्यात गेल्यावर कळलं. पुढची पट्टी जास्त असली तर माणूस आभाळाकडे तोंड करून तरंगतो. मी पुढच्या तीन काढल्या होत्या आणि मागच्या चार तशाच होत्या. त्यामुळे मी पाठ वर काढून उत्तम तरंगत होतो, फक्त तोंड खाली होतं. फिटिंग पाण्यातही जराही सैल झालं नाही. दोनदा वळायचा प्रयत्न केला, दोनदा जॅकेटने मला पुन्हा पालथं घातलं. गंमत बाजूला ठेवून सांगतो मामा, त्या वेळी मी फार घाबरलो. मग कुणीतरी खांद्याचा पट्टा धरला. कप्तानांनी वल्हं मुख्याध्यापिकांच्या हाती दिलं होतं, बोटीच्या कडेला पाय रोवला होता आणि दुकानात ओढायच्या तशाच दोन्ही हातांनी माझा पट्टा ओढत होत्या. तिहेरी टीप होती. धरली.

काठावर मी पाणी ओकत असताना त्यांनी माझं जॅकेट काढून हातात घेतलं, समोरून दाबलं, पुन्हा दाबलं. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, उंदरांनी. त्यांनी जॅकेट उलटं केलं, आतली शिवण पाहिली आणि म्हणाल्या, “उंदीर ओव्हरलॉक करतो?” मग खरं सांगून टाकलं: पोट, फोटो, भिंत, सगळं. वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. तिथेच दगडावर बसल्या. म्हणाल्या, अकरा वर्षांत माझ्या बोटीतून एक माणूस कमी झाला नाही, तो आज पोटापायी झाला असता. आणि बाकीची एकोणचाळीस तुम्हीच शिवलीत, त्यांच्यात काय आहे ते मी कशी सांगू? मामा, पाण्यात मला जीव जाईल अशी भीती वाटली होती. पण काठावर, ही बाई आता माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही, ही भीती त्याहून मोठी निघाली. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये.)

मी म्हणालो, सगळी उसवून दाखवतो. आठ दिवस दुकानाला ‘बंद’ची पाटी लावली. त्या समोर स्टुलावर बसायच्या, मी एकेक जॅकेट उसवायचो, आठही पट्ट्या त्यांच्या मांडीवर ठेवायचो, त्या मोजायच्या, मी परत शिवायचो. स्वतःची तिहेरी टीप स्वतः उसवणं म्हणजे काय, हे शत्रूलाही सांगू नये. पहिले दोन दिवस त्या ‘पुढचं’ यापलीकडे बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा आणला, स्वतःपुरता. पाचव्या दिवशी दोन कप आणले. सातव्या दिवशी पट्ट्या मोजायच्या विसरल्या, मीच आठवण केली, तेव्हा म्हणाल्या, “असू द्या, तुम्ही मोजल्यात ना?” मामा, आपण मला पहिल्यांदा पूर्ण सूट एकट्याने कापू दिलात, त्या दिवसाएवढा आनंद मला तेव्हा झाला.

आता आपण कार्डात विचारलेल्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. या पाण्यातल्या थरारात एवढं असतं तरी काय, आणि त्यापायी जीव धोक्यात घालावा का? मुळीच घालू नये. माझा एक बूट गेला, चष्मा गेला, गुडघा सोलवटला, दातांचे डॉक्टर आता माझ्याकडे शिवायला येत नाहीत आणि दाढ दुखली तर मला परगावी जावं लागणार आहे. कबूल करतो, की थोरली ओलांडताना बोट क्षणभर हवेत उचलली जाते आणि आपण केवढ्याने तरी ओरडतो. मी ओरडलो. मुख्याध्यापिकाही ओरडल्या. बरं वाटतं. पण तेवढ्यासाठी शहाण्या माणसाने नदीवर जाऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. यापुढे मी आणि पाणी यांचा संबंध आंघोळीपुरता.

मामींना नमस्कार. प्रकृतीस जपावे. सुईचं तेवढं कळवावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
(गुडघा सोडून) खुशाल

ता. क. कात्रीवाल्याची बातमी तशी अगदीच खोटी नव्हे. चाळिसावं जॅकेट शिवून झाल्यावर मी कप्तानांना लग्नाचं विचारलं. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

ता. क. दुसरा. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. त्यांची अट अशी की, उत्तर देतील ते सासूबाई ओलांडल्यावर, भर बोटीत, आणि माझ्याकडचं कुणी वडीलधारं माणूस बोटीत हजर असेल तरच. मला आपल्याशिवाय कोण आहे? तरी येत्या रविवारी यावे. आपल्याला पोहता येत नाही याची चिंता नको, मलाही येत नाही. आपलं जॅकेट शिवून तयार आहे, आठही पट्ट्या शाबूत. पोट दिसेल, त्याला इलाज नाही.

ता. क. तिसरा. कप्तान पोस्टाच्या बाजूला निघाल्या आहेत म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतो. पाकीट डिंकाने बंद करून देतो.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

मामांना नमस्कार. डिंक ओला होता म्हणून वाचलं. बाकी पत्र खरं आहे, उंदरांचंसुद्धा. पण मी कसलीही अट घातलेली नाही. माझं ‘हो’ त्याच दिवशी, त्याच स्टुलावर बसून सांगून झालं. त्यानंतरचे चारही रविवार मास्तर बोटीत सगळ्यांत पुढे बसताहेत आणि सासूबाईत शिरताना सगळ्यांत मोठ्याने ओरडताहेत. आपल्याला कळलं तर आपण रागवाल, म्हणून रागावणाऱ्यालाच बोटीत घालायचा बेत आहे. आपण खुशाल रस्त्याने या. मी काठावर खुर्ची टाकून ठेवते. हे येतील मागून, ओले.