बाजूच्या सीटचा ब्रेक

९ जानेवारी
आज एक मामुली प्रकार घडला. उद्या लोक तो तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून खरं काय ते इथे लिहून ठेवतो. मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो होतो. स्टिअरिंगवर माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, अजून कच्च्या. मी नेहमीप्रमाणे बाजूच्या सीटवर, पायाशी माझा स्वतंत्र ब्रेक आणि क्लच. मी जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा अँब्युलन्स आलेली. बाई म्हणतात, मी ताठ झालो, हातपाय झटकले आणि पाय ब्रेकवर असा रुतवला की गाडी हलेना. मागचे लोक हॉर्न वाजवून दमले. म्हणजे बेशुद्धीतसुद्धा मी ब्रेक सोडला नाही. पण याचं कौतुक कोणी केलं? नाव नको.

११ जानेवारी
मेंदूचे डॉक्टर म्हणाले, ही फिट. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. सहा महिने ड्रायव्हिंग बंद, लायसन्स जमा करा. मी समजावलं की मी गाडी चालवतच नाही, विद्यार्थी चालवतात, मी फक्त ओरडतो. ते म्हणाले, ज्याच्या पायाशी ब्रेक तोही ड्रायव्हरच. वय असेल तिशीचं. स्वतः स्कूटरवर येतात. गाढवाला गुळाची चव काय!

१५ जानेवारी
लायसन्स जमा केलं. या गावातल्या अर्ध्या लोकांना मी लायसन्स मिळवून दिलं आणि माझं मात्र खिडकीतल्या पोरीने स्टेपलर मारून ट्रेमध्ये टाकलं. फोटोवरच पिन बसली. बायकोला म्हणालो, बरं झालं, तेवढीच विश्रांती. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारावर पाटी लावली: ‘नूतनीकरणासाठी बंद’. नूतनीकरण माझंच चाललंय, म्हणजे खोटं काही नाही.

१६ जानेवारी
संकल्प. एक, रोज पहाटे चालणे. दोन, ड्रायव्हिंगवर पुस्तक लिहिणे. तीन, चिडचिड न करणे.

१७ जानेवारी
उशिरा उठलो. चिडचिड झाली.

३ फेब्रुवारी
बसने बँकेत गेलो. ड्रायव्हर ब्रेक फार उशिरा मारतो, म्हणून त्याच्या वतीने मी मारत होतो. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून विचारलं, माझ्या पाठीत लाथा का घालताय? मी म्हणालो, तुमच्याच सुरक्षेसाठी. ते उठून दुसरीकडे जाऊन बसले. लोकांना सुरक्षेची किंमत नाही.

पुस्तकाचं शीर्षक ठरलं. आज तेवढं पुरे.

२ मार्च
घरात फितुरी. बायको गाडी शिकते आहे, तीही समोरच्याकडे! समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या स्कूलचा मालक, एके काळचा माझाच विद्यार्थी. तेव्हा त्याला रिव्हर्स येत नव्हता. मी विचारलं, घरात गुरू असताना बाहेर का? ती म्हणाली, लग्न झाल्यावर तुम्ही मला एकदा शिकवायला घेतलं होतं, त्यानंतर आपण आठवडाभर बोलत नव्हतो. मला तर असं काही आठवत नाही. हिला रोडसेन्स नाही हे मात्र पक्कं आठवतं.

६ एप्रिल
तब्येत ठणठणीत. मग संध्याकाळची गोळी कशाला? तिच्याने झोप येते आणि झोपेत पुस्तक लिहिता येत नाही. सकाळची घेतो. निम्मा आजार, निम्मं औषध. हिशेब साधा आहे.

१७ मे
सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला. मीही त्याच्यामागोमाग खाली बसलो. थोडा वेळ. भान वगैरे गेलं नव्हतं, लक्ष गेलं होतं. बायको दार ठोठावत होती. उघडलं तेव्हा जिभेतून थोडं रक्त येत होतं. साबणावरून पाय घसरला असं सांगितलं. ती साबणाकडे पाहत राहिली. साबण साबणदाणीत होता. आपली माणसंच अशी पोलिसासारखी वागू लागली की काय बोलणार?

ही घटना मोजायची नाही असं मी ठरवलं आहे.

२० जून
बायको पहिल्याच फटक्यात पास. परीक्षक हल्ली ढिले झालेत.

१२ जुलै
आज सहा महिन्यांनंतरची तपासणी. जाताना गाडी बायकोने चालवली. मी वाटेत फक्त आवश्यक सूचना दिल्या. तिने रेडिओ मोठा केला.

डॉक्टरांनी विचारलं, मधल्या काळात काही झालं का? मी म्हणालो, छे. बायको म्हणाली, झालं. तारीख सांगितली, साबणासकट सगळं सांगितलं. पर्समधून गोळ्यांची पाकिटंही काढली. संध्याकाळच्या गोळ्या जशाच्या तशा. डॉक्टर म्हणाले, मग सतरा मेपासून पुन्हा सहा महिने. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

परतताना मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. फक्त गिअर सांगितले. घराशी आल्यावर तिने इंजिन बंद केलं, पण उतरली नाही. म्हणाली, त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते आणि आतून नुसता धपकन आवाज आला. दार तुम्हीच उघडलंत म्हणून ठीक. तुम्ही रस्त्यावर असतात आणि शेजारी कुणाची लेक बसलेली असती तर? तुमचं लायसन्स आज ना उद्या परत येईल. तिचं काय परत आलं असतं?

मी म्हणालो, तू फार नाटकी बोलतेस. जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

१३ जुलै
चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवलेली. घेतली. संध्याकाळीही घेतली. कुणाच्या दबावाखाली नाही, चहाबरोबर काहीतरी लागतं म्हणून.

५ सप्टेंबर
समोरच्याने निरोप पाठवला: बसून कंटाळला असाल तर आमच्या स्कूलच्या मुलांना वाहतुकीचे नियम शिकवायला या, खुर्चीवर बसूनच शिकवायचं आहे. मी ठणकावून नकार कळवला.

८ सप्टेंबर
गेलो होतो. केवळ त्याच्या मुलांच्या भवितव्यासाठी. खुर्ची चांगली आहे.

२० नोव्हेंबर
डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं. फिट नाही म्हणून फिट! पण लायसन्सच्या ऑफिसात म्हणाले, टेस्ट पुन्हा द्यावी लागेल. मला टेस्ट! माशाला पोहण्याची परीक्षा. हरकत नाही, येऊ दे. सराव करणार नाही. अपमान होईल.

३ डिसेंबर
टेस्ट. गाडी आमचीच. सकाळी ऐटीत गेलो, दार उघडलं, बसलो, पट्टा लावला, आरसा नीट केला. परीक्षक दाराशी येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, सर, ही माझी जागा आहे. बघतो तर मी बाजूच्या सीटवर. इतकी वर्षं तिथेच बसतोय, शरीराला दुसरं काही माहीतच नाही.

इकडून तिकडे गेलो. स्टिअरिंग अंगावर आल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर गाडी मी स्वतः शेवटची कधी चालवली, ते आठवेना. सवयीने मोठ्याने बोलत राहिलो: क्लच दाब, अगं हळू सोड, समोर बघ. चढावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. मी म्हणालो, हा चढ नियमात बसत नाही. परीक्षक कागदावर काहीतरी खरडत म्हणाले, तुमचे विद्यार्थी या चढावर नेहमी का अडकतात, ते आज कळलं.

नापास. बायको काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, म्हणजे मला चिडता आलं असतं.

४ ते १७ डिसेंबर
रोज पहाटे मोकळ्या मैदानात. (नुसती गाडी फिरवून आणतो. सराव नव्हे.) शेजारी समोरचा. ओरडत नाही. विचित्र पद्धत आहे.

१८ डिसेंबर
पास! परीक्षक चांगला माणूस आहे.

६ जानेवारी
लायसन्स पोस्टाने आलं. नवा फोटो, पिनेचं भोक नाही. लगेच गाडी काढली. म्हटलं बायकोला फिरवून आणू, आपण काय चीज आहोत ते दाखवू. ती मागे बसेल असं वाटलं होतं. ती सरळ बाजूच्या सीटवर बसली, माझ्या ब्रेकवर. मी बजावलं, पाय लावायचा नाही, नाहीतर इथेच उतरतो. ती बरं म्हणाली.

आणि चालवली! मोठा चौक, पूल, बाजार. एकदा सायकलवाला आडवा आला तेव्हाही मीच थांबवली. सबंध रस्ताभर तिने एकदाही ब्रेक दाबला नाही. याला म्हणतात विश्वास.

घरी आलो. मी उतरलो. ती उतरेना. म्हणाली, जरा थांबा, पाय उचलत नाहीये. पोटरीत गोळा आला होता. अख्खा रस्ता तिने पाय ब्रेकच्या वर, न टेकवता, तसाच अधांतरी धरला होता.

दाराच्या पायरीवर बसवून तिची पोटरी चोळून दिली. बराच वेळ. लग्नानंतर माझ्यासाठी कोणी इतकी मेहनत घेईल असं वाटलं नव्हतं. तिला म्हणालो, काही दिवस गाडी तूच चालव. अर्थात केवळ तुझ्या पायासाठी.

ती बरं म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.