हौद सात तासांत भरतो

१ सप्टेंबर, सकाळी
आजपासून अभ्यास. डिसेंबरात व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. वसंतात आमचे उपविभागप्रमुख निवृत्त होतायत, आणि काल मीटिंगमध्ये संचालक याओ म्हणाले की त्या खुर्चीवर शिकलेला माणूस हवा. म्हणताना माझ्याकडे बघत होते. (बायकोच्या, म्हणजे पेइलानच्या मते माझ्या मागच्या घड्याळाकडे. तिला आमच्या ऑफिसातलं काय कळतं?) पाणीपुरवठ्यात चौदा वर्षं घासली. वय एकोणचाळीस. ती खुर्ची यंदा नाही तर कधीच नाही.
गणिताचं पुस्तक आणलं. टेबल पुसलं. पुस्तक उघडून शेजारी चहाचा पेला ठेवला आणि सगळे परीक्षार्थी टाकतात तसा हजेरीचा फोटो मोबाइलवर टाकला. खाली लिहिलं, "किनारा गाठणारच!" दहा मिनिटांत संचालकांचा अंगठा आला. खुद्द संचालकांचा!
फोटोनंतर जरा थकवा वाटला. उद्यापासून.

४ सप्टेंबर
पान एकेचाळीस. नळ हौद सहा तासांत भरतो. तळाची मोरी भरलेला हौद आठ तासांत रिकामा करते. दोन्ही उघडी ठेवली तर हौद किती तासांत भरेल?
सहा आणि आठच्या मधे सात. सात तास. पोरखेळ. मागे उत्तर पाहिलं तर चोवीस! छपाईची चूक. एवढे पैसे घेतात आणि प्रुफं कोण तपासतं कुणास ठाऊक. शिवाय मोरी उघडी ठेवून हौद भरायला बसतो कोण? चौदा वर्षांत असा मूर्ख मी पाहिलेला नाही.
पेइलान मिरच्या चिरत होती. तिला दाखवलं. तिने मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाली, "चूक असेल तर पुढचं पान घे की."
घेणार होतो. पण मूड गेला.

१९ सप्टेंबर
संचालकांनी माझी संध्याकाळची ड्यूटी टानकडे दिली. टान म्हणजे आमच्याकडचा नवा पोरगा, सव्वीसचा. सतत सुपारी चघळतो, बुटांना कायम चिखल. संचालक सर्वांसमोर म्हणाले, "लू अभ्यास करतोय, त्याला त्रास नको."
रोजच्या हजेरीचं हे फळ. लोकांना मेहनत दिसावी लागते, नुसती करून भागत नाही.

८ ऑक्टोबर
सुट्टीचा आठवडा सासुरवाडीत गेला. अभ्यास तसा झाला नाही, पण हजेरी एक दिवस चुकवली नाही. माजाँगच्या टेबलावर पुस्तक उघडायचं, सोंगट्या बाजूला सारायच्या, फोटो काढायचा. सासरे म्हणाले, "जावईबापू, चाल तुमचीय!" यांना ध्येय म्हणजे काय ते कळायचं नाही.
उद्यापासून पहाटे पाच.

१० ऑक्टोबर
पहाटे पाचला अंधार असतो. डोळ्यांना बरं नाही. सात.

११ नोव्हेंबर
पेइलान मोबाइल बघता बघता म्हणाली, "रोज तेच पान. अडीच महिने झाले, हौद काही भरेना तुझा!"
मी शांतपणे सांगितलं की एकच पान खोलवर वाचणं ही एक पद्धत असते. ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही.
पेला डावीकडून उजवीकडे ठेवला. फोटो एकदम वेगळा दिसतो.

२ डिसेंबर
टेकडीकडची मोठी पाइपलाइन फुटली. टान दोन दिवस खड्ड्यात. संचालकांचा फोन आला, येतोस का? मी म्हणालो, सराव परीक्षा चाललीय. ते म्हणाले, "बरं बरं, तू तुझं बघ." केवढा मान राखला!
(सराव परीक्षा अर्ध्यावर सोडली. खोलीत गारठा होता.)
टानला मेसेज केला, काळजी घे. बिचारा. असाच राबत म्हातारा होणार.

२३ डिसेंबर, चांगशा
पेपरात हौद आला! माझा हौद! नुसते आकडे बदललेले, दहा आणि चौदा. शेजारचा चष्मेवाला मुलगा कागदभर खरडत होता. मी वाचलं आणि बारा लिहून मोकळा झालो. पर्यायांत बारा होतंच. चार महिने एका गणिताबरोबर संसार केला, तो वाया गेला नाही.
बाकीची गणितं अभ्यासक्रमाबाहेरची वाटली. स्टेशनवर झणझणीत शेवया खाल्ल्या.

२ फेब्रुवारी
चांद्र वर्ष संपत आलं, म्हणून ऑफिसचं वर्षाअखेरचं जेवण. संचालकांनी पेला उचलला आणि नव्या उपविभागप्रमुखाचं नाव घेतलं. टान.
मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी घोळ झाला. मग ते स्वतः माझ्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लू, तुझाच विचार होता रे. पण तू तर निघालास शिकायला. रोज फोटो टाकून सांगत होतास. तुला अडवायचं म्हणजे पाप."
मी म्हणालो, साहेब, वर्ग फक्त शनिवार-रविवारी असतात. ते मोठ्याने हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. टान दोन्ही हातांनी पेला धरून आला, "लू दादा, सांभाळून घ्या." घेतलं. काय करणार?
हरकत नाही. पदवी हातात आली की हेच लोक मागे लागतील.

४ फेब्रुवारी
निकाल. गणित पंचाहत्तरपैकी बारा.
बारा! पेपर मशीनवर तपासतात, मशीनचं काय खरं! पेइलानला सांगितलं. तिने माझ्या वाटीत मांसाचा मोठा तुकडा घातला. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

१५ फेब्रुवारी, चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस
सकाळी टानचा फोन. टेकडीवरची टाकी दुरुस्तीसाठी रिकामी केलेली, आणि ती काठोकाठ भरल्याशिवाय वरच्या घरांना पाणी चढत नाही. वरच्या घरांत आमचंही आलं. टान म्हणाला, "दादा, मी व्हॉल्व्हवर चाललोय, टाकीवर तुम्ही थांबा. पंप एकटा साधारण सहा तासांत भरतो. पण सणाचं खालच्या भागाचं पाणी बंद करता येत नाही, आणि तो भाग भरलेली टाकी आठ तासांत उपसतो. आठला पंप लावतोय. भरेल कधी? लोकांना कळवायचंय."
मला हसूच आलं. एवढी खुर्ची मिळाली, आणि एवढं येत नाही? म्हणालो, सात तास. दुपारी तीनला. त्याची घाई होती, त्याने विश्वास ठेवला. "दुपारी तीनला पाणी, लू" असा मेसेज माझ्या नावाने सगळ्या टेकडीला गेला.
तीनला मोजपट्टी पाहिली. टाकी एक तृतीयांशसुद्धा नाही. मी पट्टी पुसून पुन्हा पाहिली. एका बाजूने पाणी येत होतं, दुसऱ्या बाजूने जात होतं. हे मी चौदा वर्षं बघतोय.
टान आला, पट्टीकडे बघितलं, तोंडातली सुपारी थुंकला. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, ही उद्या सकाळी आठला भरेल. आकडे मीच बघायला हवे होते. तुम्ही घरी जा, जेवायला थांबले असतील." आणि खालून टँकर मागवायला फोन लावला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
चढणीवर बायका रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या. एका म्हातारीच्या हातात मासा तसाच, न धुतलेला. तिने विचारलं, "काय रे, तीनला म्हणाला होतास ना?" मी मान खाली घालून चालत राहिलो. लाज वाटली. खरी लाज, सबब सापडेना अशी.
घरी बादल्या, पातेली, पाय धुवायचं घमेलंसुद्धा पाण्याने भरलेलं. मासा वाफेवर. पेइलान म्हणाली, मेसेज वाचला तशी खाली बहिणीकडे गेले, दोन फेऱ्या केल्या.
मी विचारलं, तुला कसं कळलं?
"सप्टेंबरातच सोडवलं होतं. मिरच्या चिरताना."
मग बोलली का नाहीस?
"तू म्हणालास, छपाईची चूक आहे." तिने घमेलं माझ्याकडे सरकवलं. "हात धू. पाणी जपून वापर."
जपून वापरलं.