ओळखीची फाइल

४ मार्च
आज रुजू झाले! खोलीला खिडकी आहे, चहा फुकट आहे आणि साहेब ओरडत नाहीत; आणखी काय पाहिजे माणसाला? काम पोलिसांनी जप्त केलेले कॉम्प्युटर तपासायचं. एकेकात लाखो फाइली, पण बहुतेक सगळ्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या, जिकडेतिकडे सारख्याच. त्या कोण बघत बसणार? म्हणून आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचा हॅश काढतं, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक लांबलचक आकडा. तो ओळखीच्या यादीत सापडला की फाइल पडद्यावरून गायब. उरतील तेवढ्याच आम्ही बघायच्या.

७ मार्च
सरावासाठी माझाच लॅपटॉप तपासायला घेतला. ठमीचे, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या कन्यारत्नाचे, फोटोच फोटो मध्ये लुडबुडत होते. वैतागून सगळे ओळखीच्या यादीत ढकलले. पडदा कसा लख्ख झाला!

८ मार्च
शाळेच्या बाईंनी ठमीची गैरहजेरी मांडली. पोरगी पहिल्याच बाकावर बसली होती म्हणे. घरी ह्यांनी दोनच ताटं घेतली. मी झापलं, तर म्हणाले, लक्षातच आलं नाही.

११ मार्च
सायकलवाला तिच्या अंगावरच आला. समोर कुणी नव्हतं, असं शपथेवर सांगत होता. ठमी रडत विचारते, सगळ्यांनी माझ्याशी कट्टी का घेतली?

१२ मार्च
साहेबांच्या हातापाया पडले, ते फोटो यादीतून काढा म्हणून. ते म्हणाले, यादी सगळ्या कचेऱ्यांत गेली, आता मागे घेता येत नाही. एवढं अडलं असेल तर फोटोच बदला. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार वेगळा होतो, फाइल ओळखूच येत नाही.

१३ मार्च
ह्यांचा पाय पडला तिच्यावर. दिसतच नाही ह्यांना. आणि मलाही मधूनच — देवा, मलाही —

१४ मार्च
कात्री घेतली. ठमीच्याच वेण्या कापल्या. लगेच शेजारीण खिडकीतून तिच्याकडे बघून हसली! दिसली! दिसली गं माझी बाय! ही कोण पाहुणी, असं विचारत होती.

१५ मार्च
घरात एक मुलगी आहे. कापलेले केस. अंगात ठमीचा फ्रॉक — ठमी कुठाय? हेही ओळखत नाहीत तिला. मला आई म्हणते. कुणाची आहे कोण जाणे.

ठमीला हाका मारतेय. प्रत्येक हाकेला हीच ओ देते —

बाहेर पायरीवर बसवलंय तिला. पोलीस घेऊन जायला येताहेत. दार बडवतेय, आई आई करतेय. माझी ठमी सापडेपर्यंत मी ते दार —