शनिवारी पोचवलेलं खोकं

ग्लासगो

प्रिय मर्डिना,

देवाच्या दयेने माझी तब्येत बरी आहे. तू विणलेला स्वेटर थंडीला पुरतो. आईचा गुडघा कसा आहे? दलदलीतून कापलेली जळणाची पीट वाळून घरात आली का?

माझा खटला सोमवारी आहे. दुकानांना माल पोचवायच्या माझ्या गाडीत एका शनिवारी एक खोकं फाटलं आणि व्हिडिओ टेपांवरची चित्रं दिसली. ती तुला सांगता येणार नाहीत. पोलिसांकडे जाऊन त्या चित्रांचं नाव घ्यायचीही मला लाज वाटली. ती घाण रविवारी, प्रभूच्या दिवशी, गाडीत नको, म्हणून चिकटपट्टी लावून अंधार पडायच्या आत दुकानात पोचवली. असा माल पोचवणं हाच कायद्याने गुन्हा, आणि तोच आरोप माझ्यावर आहे.

वकीलबाई म्हणतात, जूरीपुढे गेलं असतं तर काही वर्षं आत जावं लागलं असतं. शेरीफसाहेब, म्हणजे इथले न्यायाधीश, एकटेच ऐकणार, म्हणजे काही महिने किंवा दंड. असा माल हातून जाऊ नये म्हणून मी पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं, तरच सुटका.

डगी माझ्याबरोबरच गाडी चालवतो. तो म्हणाला, "अरे पाद्रीबुवा, आत काय होतं ते ठाऊकच नव्हतं म्हण की! तुझं तोंड बघून कुणालाही पटेल."

"हात वर करून शपथ घ्यायची आहे, डगी."

"मग जा आत! स्तोत्रं म्हणायला भरपूर वेळ मिळेल."

आईला काय सांगायचं ते तू ठरव, पण खोटं सांगू नकोस. प्रभुभोजनाच्या रविवारी ती चर्चच्या बाकावर माझ्यासाठी जागा धरून ठेवेल. मी आत असलो तर तिथे तू बस.

तुम्हा दोघींसाठी रोज प्रार्थना करणारा,
तुझा भाऊ टॉर्किल