गोरामींचा संसार

४ मार्च, सकाळी सात
बायको काल तिच्या ताईकडे गेली. हवापालट. आठ-दहा दिवसांत येईल. सोबत दोन बॅगा, शिलाई मशीन आणि उन्हाळी-हिवाळी दोन्ही कपडे. बायकांना सामान म्हणून कमी घेता येत नाही.
निश्चय : ती येईपर्यंत निळ्या गोरामी माशाची पिल्लं काढून दाखवायची. अडीच वर्षं जमलं नाही, पण ते घरातल्या कटकटीमुळे. आता घर शांत आहे. गोरामीला शांतता लागते.

५ मार्च
जोडी आणली. नराचा पाठीवरचा पर लांब, टोकदार. मादीचा आखूड, गोल. मी चटकन ओळखलं. दुकानदाराने दोनदा सांगितलं, ते वेगळं.
तो म्हणाला, नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. अंडी पडली की मादीला ताबडतोब दुसऱ्या टाकीत काढा, नाहीतर नर तिला जगू देत नाही. मी म्हटलं, अहो, संसार आहे, भांड्याला भांडं लागायचंच. तो हसला नाही. लग्न झालं नसावं त्याचं.

७ मार्च, संध्याकाळ
पाणी वीतभर. हीटर अठ्ठावीसवर. फिल्टर बंद, कारण पाणी हललं की घरटं फुटतं. दुकानदाराच्या समाधानासाठी लहान टाकीही भरून ठेवली.
बायकोने फोन उचलला नाही. ताईकडे रेंज नसणार. खात्री करायला आणखी पाच वेळा केला.

१० मार्च
ऑफिसात सांगितलं, मंडळी हवापालटाला गेलीयत. हेडक्लार्क म्हणाला, तरीच आठवडाभर हाच शर्ट दिसतोय. लोकांना नको तिथे नाक खुपसायची सवयच असते.
घरटं तयार! चांगलं बशीएवढं. सगळं एकट्या नराने केलं, हूं नाही की चूं नाही. मादी मात्र हीटरमागे. लाजते.

१२ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आई हवापालटाला गेलेली नाही. मी म्हटलं, तुझ्या आईला मी सव्वीस वर्षांत कधी टाकून बोललेलो नाही. लेक म्हणाली, तुम्ही बोलला नाहीत, पण तिला बोलूही दिलं नाहीत. चार माणसांत आईने काही सांगायला घेतलं की तुम्ही आधी तिची तारीख दुरुस्त करणार, मग गाव, आणि शेवटी गोष्टच तुम्ही सांगणार.
आता तारीख चुकीची असेल तर माणसाने काय करायचं? गप्प बसायचं?

१४ मार्च, दुपार
अंडी!! नराने मादीला अंगाने विळखा घातला, आणि अंडी तरंगत तरंगत घरट्यात. माझे डोळे भरून आले. शेजारी कुणी नव्हतं, नाहीतर दाखवलं असतं. बायकोला मेसेज केला, बघायला ये. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचला. म्हणजे येईल.
संध्याकाळी : नर मादीच्या फार मागे लागलाय. तिचा पर थोडा फाटला. लहान टाकी तयार आहे, पण जोडी तोडायला हात धजत नाही. एकदा बाहेर काढली की परत थोडीच घेता येणार. होईल तिला सवय.

१५ मार्च
मादी खात नाही. वर श्वास घ्यायला आली की नर धावून जातो. काळजी असते एकेकाला, दाखवता येत नाही. उद्या बघू.

१६ मार्च, रविवार
आली! लेकीबरोबर. उरलेली औषधं आणि तिची चादर न्यायला आली होती, पण आली. मी आधी टाकीपाशीच नेलं. मादी तळाशी आडवी पडली होती.
मी म्हटलं, वय झालं असेल. बायकोने लहान टाकीकडे बघितलं. विचारलं, ही भरलेलीच होती ना? हो म्हटलं. मग तिला काढलं का नाहीत, असं विचारलं. मी म्हटलं, मला वाटलं, राहतील.
तिने जाळीने मादीला बाहेर काढलं, तळहातावर घेतलं आणि ती रडली. एका माशासाठी एवढं? मला काही समजेना. चहाला थांब म्हणायचंही राहून गेलं.

१७ मार्च
ऑफिसला गेलो नाही.
मादी पाच दिवस हीटरमागे उभी होती. मी रोज बघत होतो. रोज बघत होतो आणि लाजते म्हणत होतो.

१८ मार्च
पिल्लं पोहायला लागली. शंभराच्या वर असतील, पापणीच्या केसाएवढी. आता नर पिल्लं खाईल म्हणून त्याला वेळेवर बाहेर काढला.
बायकोला फोन केला. उचलला. पिल्लांचं ऐकून तिला आनंद झाला, खरंच झाला. पिल्लं किती आहेत ते सांगत सुटलो होतो, मध्येच थांबलो, म्हटलं, तू बोल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी मध्ये बोललो नाही. मग हळू आवाजात म्हणाली की, अहो, मी आता येणार नाही.
ओरडली असती तर भांडता आलं असतं. मी बरं म्हटलं.
पिल्लांना उकडलेल्या बलकाचं पाणी घालायचं असतं, थेंब थेंब, दर तीन तासांनी. सकाळी घातलं. दुपारी घातलं. संध्याकाळी घालताना लक्षात आलं, मी मोठमोठ्याने रडतोय.